डिस्क सापडत नाही, खुलासा सादर करा

"उपरोक्त विषयान्वये खुलासा सादर करते की, सदर डिस्क दुपारच्या सुट्टीत आढळून न आल्याबाबत मी जबाबदार नाही. त्यावेळी मी डबा खात होते. डब्यात वांग्याची भाजी होती. साक्षीदार : लताबाई, शिपाई."

कागद वाचून मी वर बघितलं. समोर तो लिहिणारी बसली होती. ज्योत्स्ना रामटेके, कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर.

"यात भाजी कशाला लिहिली?"

"मागच्या खुलाशावर साहेबांनी शेरा मारला ना, 'तपशील अपुरा'," ती म्हणाली. "मंग तपशील देला."

तिच्या टेबलावर अशा खुलाशांची फाइल होती. फाइल जाड होती. प्रत्येक कागदावर गोल शिक्का, आवक क्रमांक, आणि लाल शाईत शेरा : 'असमाधानकारक'. मी एकेक उलटत गेले. डिस्क अचानक दिसल्याबाबत. तीच डिस्क अचानक नाहीशी झाल्याबाबत. डिस्कची ओळख न पटल्याबाबत. एका खुलाशात तिने लिहिलं होतं, "सदर डिस्कशी माझी कोणतीही पूर्वओळख नाही."

माझं डोकं तापलं. तापायलाच पाहिजे होतं. एका माणसाला रोज दुपारी बसवून, यंत्राच्या बडबडीबद्दल माफीनामे लिहून घेतात, आणि सगळी संस्था चहा पिते? याला प्रशासन म्हणत नाहीत. याला छळ म्हणतात.

मी भंडाऱ्यातल्या एका छोट्या कॉम्प्युटर सर्व्हिस कंपनीत काम करते. लोकांचे सर्व्हर, म्हणजे ऑफिसचा सगळा डेटा ज्यावर असतो ती मोठी मशीनं, ती चालती ठेवणं हा माझा धंदा. बाकीच्या वेळात संघटनेचं काम. शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहात पाणी नाही, पोरींची बस बंद केली, की पत्रक मी लिहिते. आमचे मालक विलासभाऊ हे दोन्ही जाणतात. म्हणून साइटवर पाठवताना दर वेळी सांगतात, "करुणा, पत्रक नको काढू बापा. सर्व्हिस रिपोर्ट काढ."

या वेळची साइट म्हणजे मोहाडी तालुक्यातली धान खरेदी करणारी एक संस्था. नाव लिहीत नाही. लिहिलं तर हा लेखही आवक करून घेतील आणि त्यावर कोणाचा तरी खुलासा मागवतील.

तक्रार अशी नोंदवली होती : 'सर्व्हर वारंवार एरर देतो. ऑपरेटरची चूक असल्याबाबत तांत्रिक अहवाल द्यावा.' बघा हं. चूक आहे का, असं विचारलेलंच नाही. निकाल लागलेला, फक्त माझी सही पाहिजे.

आणि सही पाहिजे होती शनिवारच्या आत. शनिवारी संचालक मंडळाची सभा. विषयपत्रिका भिंतीवर लागली होती. एक विषय : 'कंत्राटी ऑपरेटर यांच्या कार्यकाळात संगणकीय बिघाडांत लक्षणीय वाढ झाल्याने करार पुढे न वाढवणे.' त्याच्याच खालचा विषय : 'आवक-जावक विभागाचा वाढता कार्यभार पाहता सहायक लिपिकाचे पद भरणे.'

"तू आधी काय करत होतीस?" मी ज्योत्स्नाला विचारलं.

"डिप्लोमा केला. त्याच्या आधी रोवणीले जात होती, आईसंगं." धानाची रोपं चिखलात लावणं म्हणजे रोवणी. कंबर मोडते. "पुन्हा जायची लाज नाही ताई. पण गावात लोक पुसतील, काहून काढलं? मी काय सांगू? डिस्क हरवली म्हणून?"

कारध्याहून दोन बस बदलून ही मुलगी येते. हिचं कुठे काय चुकलं ते मला बघायचं होतं.

आता थोडं यंत्राचं. घाबरू नका, धान विकणाऱ्या माणसाला कळेल असंच सांगते.

संस्थेकडे कुठल्याशा योजनेतून आलेला एक दांडगा सर्व्हर आहे. एवढ्या मोठ्या मशीनवर एकच काम ठेवणं म्हणजे अख्ख्या गोदामात एकच पोतं ठेवण्यासारखं. म्हणून त्याच्या पोटात चार 'व्हर्च्युअल मशीनं' केलेली आहेत. गोदामात फळ्या ठोकून चार खण करतो ना, तसं. प्रत्येक खणाला वाटतं आपण वेगळं गोदाम. एका खणात धान खरेदीच्या नोंदी, दुसऱ्यात सभासद, तिसऱ्यात हजेरी. चौथं मशीन फक्त बॅकअप घेतं, म्हणजे बाकीच्या तिघांची नक्कल काढून बाहेरच्या एका डब्यात ठेवतं. सर्व्हर जळाला तरी नक्कल राहावी म्हणून.

बॅकअप जगभर रात्री घेतात. इथे दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. कारण संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच पाडायचा, हा संस्थेचा जुना रिवाज. शेजारी गोदाम, गोदामात धान आणि बारदाना, म्हणजे रिकामी पोती, पूर्वी कधी तरी ठिणगी उडाली होती म्हणे. तेव्हापासून रात्री इमारतीत विजेचा थेंब राहू देत नाहीत. रिवाजाला मी नावं ठेवणार नाही. धान जळालेलं कोणाला पाहिजे?

तर सुट्टी झाली, सगळ्यांनी डबे उघडले, की चौथं मशीन कामाला लागतं. ते पहिल्या मशीनच्या डिस्कचा एक फोटो काढतं. आमच्या भाषेत स्नॅपशॉट. ती फोटोची डिस्क थोड्या वेळासाठी स्वतःला जोडून घेतं, वाचतं, सोडून देतं. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची.

पण चौथ्या मशीनमध्ये डिस्कवर पहारा ठेवणारा एक प्रोग्रामही असतो. त्याला कोणी सांगितलेलंच नाही की हे पाहुणे आहेत. डिस्क जोडली की तो लिहितो, 'अनोळखी डिस्क.' ओळख पटेना की, 'एरर.' वाचून झालं, डिस्क निघून गेली, की पुन्हा, 'एरर, डिस्क सापडत नाही.' गावात एसटी थांबली की कुत्रं भुंकतं आणि निघाली की पुन्हा भुंकतं, तसा हा प्रकार. मशीन रोज जे काही घडलं ते लिहून ठेवतं त्याला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये रोज दुपारी हे भुंकणं पानंच्या पानं भरत होतं. एकाही ओळीत धोका नव्हता. बॅकअप नीट होत होता.

मग हे लाल शाईपर्यंत पोचलं कसं?

सर्व्हर बसवणाऱ्या आधीच्या कंपनीने एक सोय करून दिली होती. लॉगमध्ये 'एरर' शब्द आला की ऑफिसला ईमेल. हौशी सोय. आणि व्यवस्थापक सेलोकर साहेबांनी त्यावर कळस चढवला होता : आलेला प्रत्येक मेल प्रिंटरवर आपोआप छापायचा, आवक करायचा आणि ऑपरेटरकडून खुलासा घ्यायचा. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हे संदेश तक्रारी नाहीत."

"एरर लिहिलं आहे ना त्यात?"

"लिहिलंय, पण..."

"मंग? संस्थेत बाहेरून आलेला कागद आवक होते. आवक झाला की त्याच्यावर कारवाई होते. कारवाई म्हणजे कोणाले तरी विचारा लागते. आता मशीनले तर विचारता येत नाही."

"पण हा कागद बाहेरून आलेला नाही. या भिंतीपलीकडून आलाय."

"ईमेलनं आला ना? ईमेल इंटरनेटवरून येते. इंटरनेट बाहेर आहे."



"मॅडम, तुमी नव्या आहात," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "मागच्या ऑडिटले आक्षेप निघाला होता. 'संगणकीय सूचनांवर कारवाई केल्याचे दिसून येत नाही.' लेखी आक्षेप. माह्या नावानं. आता करून राहिलो कारवाई, तर तुमी म्हणता करू नका."

माणूस वाईट नव्हता. एका आक्षेपाने भाजला होता आणि आता ताकही आवक करून पीत होता.

पण मला वेगळीच गोष्ट खुपत होती. कार्यकाळात वाढ. ती आल्यावरच वाढ का? मी जुना लॉग उघडला. ज्योत्स्ना येण्याआधी दुपारी एकही एरर नव्हती. स्वच्छ. धुतल्या तांदळासारखा लॉग. मग मी बॅकअपचा डबा उघडला. ज्योत्स्ना येण्याआधीचा एकही बॅकअप नव्हता. तोही स्वच्छ.

"ज्योत्स्ना, बॅकअप कोणी चालू केला?"

"मीनंच. आल्यावर पाह्यलं तं बंदच पडला होता. कोणी चालूच नव्हता केला. डिप्लोमात शिकवलं होतं, मंग केला चालू."

"आणि साहेबांना सांगितलं?"

"सांगतलं न. ते म्हणाले, म्हणजे हे तूच चालू केलं."

मी खुर्चीवरून उठले. साथींनो, हे लक्षात घ्या. ज्याने काम केलंच नाही त्याची पाटी कोरी, म्हणून तो गुणी. जिने काम सुरू केलं तिच्या कामाचा आवाज झाला, म्हणून ती गुन्हेगार. हे फक्त मोहाडीत घडत नाही. हे सगळीकडे घडतं. मी तिथल्या तिथे पत्रकाचा मथळासुद्धा ठरवला : 'काम करणाऱ्यांनाच शिक्षा का?'

ज्योत्स्नाने माझा चेहरा ओळखला.

"ताई, मोर्चाचं नंतर पाहू. आधी माह्या कराराचं पाहा."

मी विलासभाऊंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोपं आहे न," ते म्हणाले. "मेलच बंद करून टाक. बटन दाबलं, विषय खतम. जेवाले घरी ये."

"नाही करणार."

"काहून?"

"भाऊ, उद्या खरंच डिस्क बिघडली तर? ज्याचा आवाज ऐकायला पाहिजे त्याचाही दाबला जाईल. सरसकट तोंडबंदीला माझा विरोध आहे."

"अवो, मशीन आहे ते. विद्यार्थी नाही."

पण मी ऐकलं नाही, आणि धंद्याच्या हिशेबानेही मीच बरोबर होते. लॉग सरसकट बंद करणारा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे रडतं पोर गप्प बसावं म्हणून त्याला पोत्यात घालणारा माणूस. करायचं ते नेमकं करायचं. मी पहारेकरी प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये लिहिलं की बॅकअपसाठी जोडलेल्या डिस्क या पाहुण्या आहेत, त्यांच्याकडे बघायचं नाही. तरीही काही ओळी येत राहिल्या, त्या मशीनच्या गाभ्यातून येतात. त्यांच्यासाठी दुसरा नियम : बॅकअप चालू असताना, त्याच पाहुण्या डिस्कबद्दल, त्याच शब्दांत आलेली ओळ वेगळ्या फाइलमध्ये टाकायची. पुसायची नाही. फक्त मेल करायची नाही. आणि तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा : बॅकअप खरोखर अर्धवट राहिला तर एक मेल, साध्या मराठीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी झाली. बॅकअप चालला. पूर्ण झाला. एकही मेल आला नाही. ज्योत्स्नाने पहिल्यांदा डबा मध्ये न उठता संपवला.

मी भंडाऱ्याला परत पोचते न पोचते तोच फोन. हटवार बाबू. हे संस्थेचे आवक-जावक लिपिक.

"मॅडम, मशीन मेली काय?"

"नाही बाबू. चांगली आहे."

"मंग बोलून काहून नाही राहिली? मी शिक्का घेऊन बसलो ना."

"आता उगाच बोलणार नाही ती. तुमचा त्रास वाचवला."



"वाचवला तं खरा," बाबू हळूच म्हणाले. "पण शनिवारी माह्या सहायकाचा विषय आहे न जी. आवक घटली तं कोण देईल सहायक? हात पाहा माहा. शिक्के मारून मारून सुजला."

मी म्हटलं, बाबू, शिक्केच मारायचे नाहीत तर हात सुजणार कशाला, आणि हात सुजणार नाही तर सहायक कशाला? त्यांनी विचार केला. म्हणाले, "ते बरोबर आहे. पण सहायक मंजूर होऊन मंग आवाज बंद झाला असता, तं जास्त बरं झालं असतं."

मागोमाग सेलोकर साहेबांचा फोन. त्यांचा सूर कडक होता. "मॅडम, तुमी संदेश दाबले असं ऐकू येऊन राहिलं."

माझ्यावर! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज दाबल्याचा आरोप झाला. तोही सर्व्हरचा. मी म्हटलं, शनिवारी सभेत येते, सगळ्यांसमोर दाखवते. हवे ते प्रश्न विचारा.

शनिवारी मी सकाळीच पोचले. सभा एका लांब टेबलाभोवती. मुख्य खुर्चीत अध्यक्ष नत्थूभाऊ, पांढरी बंडी, डोळे मिटलेले, पण कान उघडे. बाजूला संचालक. एका कोपऱ्यात शिक्का आणि पॅड घेऊन हटवार बाबू. दाराशी ज्योत्स्ना, उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, आणि माझी खुर्ची तिला दिली. मग मी उभी राहिले. तसंही उभ्यानेच मी चांगलं बोलते.

मी बोलले. पाहुण्या डिस्क, भुंकणारा पहारेकरी, सगळं सांगितलं. ज्योत्स्ना यायच्या आधी बॅकअपच नव्हता, हेही सांगितलं. "एरर वाढल्या कारण काम सुरू झालं. उद्या गोदाम रिकामं ठेवलं तर उंदीरही लागणार नाहीत. म्हणून ते चांगलं गोदाम झालं का?"

एक संचालक मान हलवू लागले. नत्थूभाऊंनी डोळे उघडले.

"बाई, ते समजलं. पण आता मशीन चूप बसवली तुमी. उद्या खरी बिमारी आली तं?"

"आत्ताच दाखवते."

सुट्टीची वेळ होत आली होती. मी सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी नेलं. बॅकअप सुरू झाला. लॅपटॉपवर टक्के सरकत होते. ऑफिसच्या प्रिंटरजवळ हटवार बाबूंना उभं केलं. प्रिंटर गप्प. "पाहुणी डिस्क आली," मी सांगितलं. गप्प. "गेली." गप्प. "दुसरी आली." सगळे माना लांब करून प्रिंटरकडे बघत होते.

मग मी बॅकअपच्या डब्याची केबल सरळ उपसली.

सेलोकर साहेब ओरडले, "अवो मॅडम!"

थोडा वेळ काही नाही. मग प्रिंटर खरखरला. एकच कागद बाहेर आला. बाबूंनी तो चष्म्याजवळ धरून मोठ्याने वाचला : "बॅकअप अपूर्ण. नक्कल ठेवण्याची जागा सापडत नाही. केबल तपासा."

आतापर्यंत त्या प्रिंटरमधून पोतंभर कागद निघाले होते, पण सगळ्यांना कळलेला हा पहिलाच. बाबूंनी मात्र सवयीने शिक्का मारला.

मी केबल परत लावली, बॅकअप पुन्हा चालू केला. आम्ही टेबलाशी आलो. मला वाटलं, जिंकलो.

"चांगलं काम केलं," नत्थूभाऊ म्हणाले. "म्हणजे बॅकअप आपोआप होते?"

"आपोआप," मी अभिमानाने म्हटलं.

"बिघडलं तं मशीन स्वतः सांगते?"

"स्वतः सांगते. तेही मराठीत."

"मंग आता ऑपरेटर कायले पाहिजे?"

आता काय सांगू? इतकी वर्षं पत्रकं लिहिली. मंत्र्याच्या गाडीसमोर उभी राहून बोलले आहे. त्या प्रश्नावर मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि पुन्हा उघडलं. आधी ती वाईट म्हणून जाणार होती. मी इतकं चोख काम केलं होतं की आता ती चांगली म्हणून जाणार होती. मी ज्योत्स्नाकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

"ती खरेदीच्या नोंदी भरते..." मी काहीतरी सुरू केलं.

"हंगामापुरत्या," सेलोकर साहेब म्हणाले. "हंगामाले रोजंदारीवर माणूस भेटते."

"आणि एररच नाहीत," दुसरे संचालक म्हणाले, "तं सहायकाचाही विषय राहिला नाही. दोन्ही विषय निकाली काढा. जेवाले चला."

ज्योत्स्ना खुर्चीतून उठली. मी दिलेल्या खुर्चीतून. तेवढ्यात कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष साहेब," हटवार बाबू म्हणाले, "बोलू काय जी?"

"बोला बाबू."

"संदेश आला नाही, हे कोण लिहून देईन?"

"म्हणजे?"

"संदेश आला तं आवक होते. नाही आला तं? नाही आल्याचा कागद पाह्यजे न. निरंक." 

ज्यांना सरकारी कागदांची सवय नाही त्यांच्यासाठी : निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. आणि आपल्याकडे, सांगण्यासारखं काही नाही हेही लेखी सांगावं लागतं.

बाबू पुढे म्हणाले, "उद्या ऑडिटवाला पुसन, अमुक दिवशी मशीननं काही सांगतलं काय? आपण म्हणू, नाही. तो म्हणन, दाखवा. काय दाखवाल? कोरा कागद?"

सेलोकर साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तो जुना आक्षेप त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिलेला मला दिसला.

"रोजचा निरंक पाह्यजे," बाबू बोटावर मोजू लागले. "बॅकअप पाहून, तपासून, सही करून. मशीनं चार, तं चार निरंक. आता मशीनची सही चालत नाही. आणि मी तं आवक करणारा. मीच देऊ, मीच घेऊ, हे नियमात नाही बसत."

"नाही बसत," साहेब घाईने म्हणाले. "बिलकुल नाही बसत."

नत्थूभाऊंनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. "काय वो बाई, देता येईन काय तुले, निरंक?"

"येईन जी," ज्योत्स्ना म्हणाली. "तपशीलवार देईन."

ठराव एकमताने मंजूर झाला. करार वाढला. ठरावात माझ्या भाषणातली एक ओळही नाही. बॅकअप तिने सुरू केला, ही गोष्टही नाही. कारण म्हणून एवढंच लिहिलं आहे : 'निरंक अहवाल सादर करण्याकरिता सक्षम व्यक्तीची आवश्यकता असल्याने.'

जाताना मी बाबूंना गाठलं. "बाबू, तुम्ही मुद्दाम वाचवलं ना तिला?"

"कोणाले?" ते म्हणाले. "मॅडम, निरंक पाह्यजेच असते." आणि पॅडवर शाई टाकू लागले. हा माणूस दयाळू आहे की फक्त नेटका, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता तिथे रोज दुपारी ज्योत्स्ना खरोखर बॅकअप तपासते. नक्कल उघडून बघते, एखादी नोंद परत काढून पाहते, मग सही करते. सांगायला हरकत नाही, मोठमोठ्या कंपन्यांतही हे कोणी रोज करत नाही. आमच्या धंद्यात जे करा करा म्हणून सांगून तोंडं दुखतात, ते इथे निरंकच्या भीतीने होतं. चार कागद तयार होतात, चार आवक होतात. सहायकाचा विषय पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे म्हणे.

मला आठवड्याने कंपनीच्या पत्त्यावर पाकीट आलं. कारणे दाखवा. 'सभेदरम्यान आपण केबल उपसल्यामुळे बॅकअप अपूर्ण राहिल्याचा संदेश प्राप्त झाला असून, याबाबत आपणास जबाबदार का धरण्यात येऊ नये.' विलासभाऊ हसून हसून टेबलाला टेकले. मी चार पानी उत्तर लिहिलं, व्यवस्थेवर, आवाजावर, काम करणाऱ्यांच्या हक्कांवर. परत आलं. शेरा : 'विषयास धरून नाही.'

तर या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सर्व्हरचा गोंगाट बंद करणं सोपं आहे, सेटिंगच्या चार ओळी. पण त्याआधी विचारून घ्या की त्या गोंगाटावर ऑफिसात कोण कोण जगतंय, आणि शांतता झाली तर कोण मरेल. ते लॉगमध्ये लिहिलेलं नसतं. आणि केबल उपसायची असेल तर लेखी परवानगी घ्या. आवक करून.